सायकलीची चार मिनिटं

सेवापूर्तीचा समारंभ झाला त्या संध्याकाळीच दीनाबाईंनी विचारलं होतं, "भाषनात माझं नाव घेतलं का?" आणि यशया सर बूट सोडता सोडता म्हणाले होते, "घेतलं की. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं."

यातलं पहिलं वाक्य त्यांना स्वतःलाही खरं वाटत होतं. एकतीस वर्षं संसार केलेल्या बाईचं नाव निरोपाच्या भाषणात माणूस घेतोच, न घेऊन जातो कुठं! दुसरं वाक्य मात्र त्यांनी पदरचं घातलं. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला हे जास्तीचं जोडायची बुद्धी का झाली, देव जाणे.

दीनाबाई भाषणाच्या वेळी समोर नव्हत्या. साडी स्वीकारण्यापुरत्या स्टेजवर बसल्या, फोटो निघाले, आणि भात खाली लागतोय असा निरोप आल्यावर उठून शाळेमागच्या मांडवात गेल्या. पंगती उठेपर्यंत त्या तिथंच होत्या.

पंधरा दिवसांनी पंकजनं पेनड्राइव्ह पाठवला. पंकज सरांचा जुना विद्यार्थी. संगमनेरात त्याचा व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. दीनाबाईंनी हातातली भाजी तशीच ठेवून पेनड्राइव्ह टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरला लावला. हा प्लेअर त्यांच्या मानाचा. पंधरा वर्षांपूर्वी चर्चच्या उपकारस्तुतीच्या सणाला लोकांनी वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात सगळ्या बायका भोपळे आणि कोंबड्यांवर बोली लावत असताना दीनाबाईंनी ईर्ष्येनं तो घेतला होता, आणि पुणतांब्यात त्यांच्या घराला तेव्हापासून डीव्हीडीवाल्या सरांचं घर म्हणत. त्या प्लेअरनं पंकजची फाईल पाहिली आणि ही आपल्याला चालत नाही असं इंग्रजीत सांगून तो गप्प बसला.

सरांनी पंकजला फोन लावला.

"सर, फाईल चोख हाय," पंकज म्हणाला. "तुमचा प्लेअर लई जुना. त्याला आत्ताचं काय कळत न्हाई. चित्र जुन्या पद्धतीत बदलून घ्या, आकार बारका करा आन आवाज एमपीथ्रीत करा. फुकटचं सॉफ्टवेअर हाय, लिंक धाडतो. न्हाईतर सरळ नवा प्लेअर घ्या."

"माझ्या डीव्हीडीला काय बी झालेलं न्हाई," दीनाबाई शेजारून म्हणाल्या. "त्याला म्हनावं, तुझीच फाईल बिघडलीय."

रिटायर माणसाला काम हवंच होतं. सरांनी दोनशे पानी वही घेतली, रेघ मारली आणि लॅपटॉपसमोर बसले. पहिल्या खेपेला संस्थेचे अध्यक्ष टीव्हीवर आडवे पसरले. दुसऱ्या खेपेला चित्र अगदी सुरेख आलं, फक्त आवाज आला नाही. आवाजाचा रकाना बदलायचा सर विसरले होते. आता एक टिचकी मारायची की काम फत्ते. तेवढ्यात त्यांना वाटलं, एकदा कानाला इअरफोन लावून आपलं भाषण आपणच ऐकावं.

सत्तावीस मिनिटांचं भाषण होतं. सरांनी संस्थेचे आभार मानले. तिन्ही मुख्याध्यापकांचे मानले, क्लार्क श्रीमंत भाऊसाहेबांचे मानले, प्रयोगशाळेचे मानले. मग ते सायकलीवर आले. अकरा वर्षं त्यांना चिखलातून, उन्हातून शाळेत पोचवणाऱ्या त्या काळ्या सायकलीवर ते तब्बल चार मिनिटं बोलले, तेही डोळे पुसून तोंडाशी धरलेल्या रुमालाआडून. मग उपस्थितांचे आभार. संपलं.

सरांनी दोनदा ऐकलं. दीना हे नाव कुठंही नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच खरं बोलतो असं थोडंच आहे? सरांनी आवाजाच्या रकान्यात एमपीथ्री सोडून भलतीच पद्धत निवडली, प्लेअरला ती कळत नाही याची खात्री करून घेतली आणि हाक मारली, "अगं, चित्र आलंय बघ. आवाजाचं जरा अवघड दिसतंय."

पुढचे तीन आठवडे सर रोज तासभर लॅपटॉपसमोर घाम गाळत होते. प्लेअरला चालेल अशी फाईल करायला लोक झटतात. सर चालणार नाही अशी करत होते, आणि वहीत नोंदीही ठेवत होते. लॅपटॉपवर ऐकवा म्हटलं तर त्याचे स्पीकर बसलेत, असं त्यांनी सांगून टाकलं.

दीनाबाई रोज दुपारी ते मुकं भाषण लावत. रुमालाची जागा आली की विचारत, "हितं माझं नाव हाय का?"

"हो, तिथंच," सर म्हणत.

मग शेजारच्या कडूबाईला बोलावून त्या दाखवत, "हितं बघ. हितं माझं बोलत्यात." कडूबाई सरांच्या हलणाऱ्या रुमालाकडे बघून पदर डोळ्याला लावी आणि सर आतल्या खोलीत जाऊन वही उघडत.

एके दिवशी दीनाबाई म्हणाल्या, "बेस्तरवारी महिला मंडळाची प्रार्थना आपल्यात हाय. बायकांना भाषन ऐकायचंय. तुमच्यानं व्हत नसंल तर मी एस्टीनं पंकजकडं जाते."

पंकजनं मूळ फाईल लावली की सगळं उघडं पडणार होतं. आता एकच वाट होती: सायकल काढायची आणि तिथं बायको घालायची. रुमालामुळं ओठ दिसत नव्हते, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

दीनाबाई चुलीपाशी आहेत असं बघून त्यांनी दार लावलं आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "माझी सुविद्य पत्नी सौ. दीना हिचा सिंहाचा वाटा…" एवढं बोलून ते थांबले. हे तर ते प्रत्येक शिक्षकाच्या निरोपाला त्याच्या बायकोबद्दल बोलत आले होते. मग स्वतःच्या बायकोबद्दल काय बोलायचं? त्यांनी ते पुसून टाकलं. शेवटी पुन्हा सुरू केलं. म्हणाले, "ती सातवी पास. पण परीक्षेच्या पेपरांच्या बेरजा रात्री तीच पडताळून बघायची. गणिताच्या मास्तराच्या बेरजेतली चूक तिनं दोनदा पकडली. नापास ठरलेली ती दोन्ही मुलं पास झाली. त्या मुलांना माहीत नाही. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला कमीपणा वाटला." आणि मग ते असंच बोलत गेले आणि त्यांना खरोखरच हुंदका आला.

नंतर ते ऐकून तपासायला हवं होतं. पण स्वतःचा तो आवाज ऐकायचा त्यांना धीर होईना. भाषणात तुकडा जोडला, एमपीथ्रीवर टिचकी मारली आणि पेनड्राइव्ह दीनाबाईंच्या हातात दिला.

गुरुवारी चार वाजता सतरंजीवर पंधरा बायका बसल्या. प्रार्थना झाली, चिवडा झाला, भाषण लागलं. आवाज खणखणीत! सर दारात उभे होते. श्रीमंत भाऊसाहेब आले, प्रयोगशाळा आली, आणि रुमाल वर गेला. पेपरांच्या बेरजेचं आलं तसे पंधरा पदर डोळ्यांना लागले. दीनाबाई टीव्हीकडे एकटक बघत होत्या. आणि ऐन हुंदक्याच्या वेळी शाळेच्या त्या स्टेजवर कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ एक बाई ओरडली, "अहो, च्या ठिवलाय, निवतोय!"

कडूबाई हळूच वळली. "अगं दीना, आवाज तर तुझाच हाय. आन तू तर मांडवात भातापाशी हुतीस ना?"

सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"व्हय," दीनाबाई शांतपणे म्हणाल्या. "तिथनंच हाक मारली. ते बोलाया लागले की थांबत्यात व्हय?"

बायका हसल्या आणि भाषण पुढं गेलं.

सगळ्या गेल्यावर दीनाबाई सतरंजीची घडी घालू लागल्या. सरांनी दुसरं टोक धरलं.

"सायकलीचं कुठं गेलं?" दीनाबाईंनी विचारलं.

सरांच्या हातून टोक सुटलं. "तुला… कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? कर्णा मांडवाच्या खांबालाच बांधला हुता. माझ्या डोक्यावर. भात वाढता वाढता सगळं ऐकलं."

"मग त्या संध्याकाळी विचारलंस कशाला?"

"तुमी काय म्हनता बघायचं हुतं." त्यांनी टोक उचलून पुन्हा सरांच्या हातात दिलं. "आन मग ही आवाजाची तऱ्हा सुरू झाली. म्हनलं, बघू किती दिस दम काढत्यात."

सरांनी टोकाला टोक जुळवलं. मग म्हणाले, "आपण नवा प्लेअर घेऊ. सगळ्या फाईली चालतात असा."

"काय नको," दीनाबाई म्हणाल्या. "त्याच्यावर पयल्याच दिशी सायकल ऐकाया लागली असती."

त्यांनी घडी कोपऱ्यात ठेवली, टीव्हीसमोर बसल्या आणि रुमालाची जागा पुन्हा लावली.