कोऱ्या कागदावरचं करिअर

टेमघरच्या मंगल कार्यालयाबाहेर सकाळपासून रांग लागली होती. बारावी झालेली पोरं, त्यांचे आईबाप, हातात मार्कशीट. आत 'करिअरबाबा' बसले होते. बाबांनी दिलेला कोरा कागद समोर धरायचा, ते त्यावर केशराचं तीर्थ शिंपडणार, आणि तुमच्या पोराचं भवितव्य निळ्या अक्षरांत उमटणार! मी असलं काही मानत नाही. पण अक्षरं उमटताना पाहिली आणि माझाही आ वासला. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्याचा तेव्हा काडीचा उपयोग झाला नाही.

"बालका, मागच्या जन्मी तू पुष्पक विमानात होतास!" बाबा गंभीरपणे सांगत. त्या दिवशी देवाला तीनच धंदे आठवत होते: विमान, हॉटेल आणि ॲनिमेशन. आणि हे तिन्ही कोर्स नेमके दारात टेबल मांडून बसलेल्या बाबांच्या भाच्याकडे मिळत होते!

माझे शेजारी काळूराम लेकीला, क्षितिजाला, घेऊन आले होते. तिला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं होतं. कॉलेजात नंबरही लागला होता, फक्त पाचच्या आत जाऊन ॲडमिशन पक्की करायची होती. तिच्या कागदावर उमटलं: हवाई सेवा.

"देवानं लिवलंय, त्यापुढं आपुन कोन?" काळूराम म्हणाले. "कॉलेजात जायाचं न्हाय."

क्षितिजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला बघून मला भारी वाईट वाटलं. तिने मात्र बाहेर येऊन सुरैया आपाला फोन लावला. सुरैया आमच्याच गल्लीतली, कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या लॅबमध्ये नोकरीला. तीनला ड्युटी सुटली तशी ती थेट कार्यालयात आली. तिने कागद हुंगला आणि खदखदून हसली.

"काळूरामभाऊ, हे तर माझं रोजचं काम हाय! लूमवर चढवायच्या आधी सुताला कांजी देतात ना? रंगवण्याआधी ती कापडातून पुरती निघाली का, हे मी आयोडीनचा थेंब टाकून बघते. कांजी उरली असेल तिथं निळं होतं. यांनी भाताच्या पेजेनं, म्हणजे कांजीनंच, आधीच लिहून ठेवलंय. वाळल्यावर दिसत नाही. आणि केशर कसलं? पाण्यात आयोडीन हाय!"

"मूर्ख बाई!" बाबा गरजले. "विधिलिखित कुणाला पुसता येत नाही!"

सुरैयाने बाबांच्याच ताटातलं कापलेलं लिंबू उचललं आणि कागदावर पिळलं. अक्षरं फिकी झाली आणि बघता बघता गेली.

"लिंबानं आयोडीनचा रंग उडतो. बस, इतकंच!"

असा हशा पिकला म्हणता! "आमचं पण पुसा, आपा!" म्हणत पोरांनी लिंबांवर झडप घातली. तेवढ्यात बाबा ध्यानाला म्हणून मागच्या दाराने सटकले, आणि भाचा टेबल तिथेच टाकून त्यांच्या मागे. लूमच्या कांजीवर पोट भरणारं आमचं गाव, आणि कांजीलाच हात जोडून उभं होतं!

काळूराम जरा ओशाळले. मग हळूच म्हणाले, "सुरैयाबाय, खरं सांग. तुझ्या कामात पोरींचं कसं काय असतं?"

"वास लय मारतो, भाऊ. उन्हाळ्यात अंगाची लाही होते. सुरुवातीला पगारही बेताचाच. पण डोक्याचं काम हाय, आणि मला आवडतं. क्षितिजाला चार दिवस लॅब दाखवते. नाही पटलं तर दुसरं काही बघेल."

काळूरामांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. "चल गो पोरी, बस गाडीवर!"

पाचला दहा मिनिटं असताना क्षितिजाची ॲडमिशन पक्की झाली.

मी वर्गात पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, पण एक गोष्ट सांगायची राहिली, ती आता सांगतो. कामाबद्दल विचारायचं तर ते काम करणाऱ्याला विचारा. तो त्यातला त्रासही सांगेल. जो नुसतं गोड बोलतो आणि "कशावरून?" म्हटलं की डोळे वटारतो, त्याच्यासमोरून सरळ उठून या.