ऑसिलोस्कोपच्या तीन धारा

रेवणसिद्धची कंबर गेली ती ऑसिलोस्कोपनं. माणसं पोती उचलून कंबर घालवतात, तालमीत घालवतात. ह्या गड्यानं टीव्हीएवढा एक डबा उचलून घालवली. कारखान्यातल्या यंत्रांचे इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करायचे हा त्याचा धंदा, आणि विजेची लाट पडद्यावर दाखवणारा तो जुना डबा होता सोळा किलोचा. तो एम-एटी गाडीच्या मागं दोरीनं आवळायचा आणि शिरोळपासून कागलपर्यंत हिंडवायचा. वाटेत एखादा हमखास थांबवायचा, "पावणं, टीव्ही केवढ्याला द्यायचा?"

शेवटी डॉक्टरनं वजन उचलायला बंदी घातली. दानेश्वरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्याच महिन्यात भिशी लागली. तिनं पंचवीस हजार नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "हातात मावणारं घ्या." खरं तर त्या पैशाचं ती साड्यांना पिको-फॉल करायचं मशीन घेणार होती. दोन वर्षं त्या मशीनचं नाव घेत होती. रेवणसिद्धला ते पैसे खिशात घालताना जिवावर आलं. चुकीचं यंत्र गळ्यात पडलं तर तिचं मशीनही गेलं आणि आपला धंदाही गेला, हा घोर त्याला लागला.

घोर लागला म्हणून माणूस शहाणा होतो असं कुठंय? तीन आठवडे त्यानं कॅटलॉग चाळले. खुणा केल्या, खाडाखोड केली, आणि शेवटी जीव जडवला तो रंगीत पडद्यावर. रंगीत यंत्र साडेचोवीस हजारांचं. त्यावर 'शंभर मेगाहर्ट्झ' असं ठसठशीत छापलेलं, म्हणजे तेवढ्या वेगाच्या लाटा ते पकडणार. त्याच्या कामाला त्याचा दहावा हिस्सासुद्धा पुरून उरला असता, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण शंभर म्हणजे शंभर.

पैसे घेऊन तो शाहूपुरीतल्या दुकानाकडं निघाला, तर गल्लीच्या तोंडाशी पिराजी आबा उभे. आबांचा दूधकट्टा होता. रोज संध्याकाळी चौकात म्हस आणून बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढून द्यायची. म्हशी पारखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. फेटा, खांद्यावर टॉवेल, पायात करकरणारं पायताण.

"कुठं निघालास?"

"यंत्र घ्यायला, आबा."

"चल, मी येतो की."

"तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

"यंत्रातलं न्हाय कळत. इकणाऱ्यातलं कळतंय," म्हणत आबा मागच्या सीटवर बसलेसुद्धा. आता वडीलधाऱ्या माणसाला गाडीवरनं उतरवणार कसं? रेवणसिद्ध गप गाडी हाणत राहिला, पण मनात चरफडला.

दुकानात यशराज नावाचा विक्रेता होता. गळ्यात टाय, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यानं दोन यंत्रं काचेवर मांडली. एक ते रंगीत. दुसरं काळंपांढरं, वीस मेगाहर्ट्झचं, साडेवीस हजारांचं, दिसायला अगदीच गरीब. यशराजनं रंगीत यंत्राची वायर यंत्राच्याच अंगावरच्या एका खुंटीला अडकवली. पडद्यावर पिवळीधमक चौकोनी लाट उमटली. रेवणसिद्ध बघतच राहिला.

आबांनी मान पुढं केली. "ही लाट कुठनं येतीया?"

"यंत्रातूनच येते, काका. तपासणीसाठी दिलेली असते."

"म्हंजे सोताचंच दूध सोता पितंय आणि गोड हाय म्हणतंय व्हय?"

यशराज हसला, पण एकटाच हसला. आबा काउंटरला टेकले आणि त्यांनी म्हशीचा बाजार सांगायला घेतला. बाजारात आणायच्या आधी लबाड माणूस एक वेळची धार काढतच नाही. कास तुंबते, म्हस दुधाळ दिसते. म्हणून जाणता माणूस दावणीला मुक्काम ठोकतो, लागोपाठ तीन धारा काढून बघतो, मगच पैसे मोजतो.

"ह्येच्या बी तीन धारा काढायच्या," आबा म्हणाले. "जिथं राबायचं हाय तिथं."

रेवणसिद्धला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण यशराजचा महिन्याचा विक्रीचा कोटा भरायचा राहिला होता, त्यामुळं तो तयार झाला. शिवाय कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रेवणसिद्धचं एक काम अडकलेलंच होतं. तिथली एक लेथ दिवसातनं एकदोनदा आपोआप बंद पडायची आणि कारण सापडत नव्हतं. सुपरवायझर बाळासो वैतागला होता. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर पुण्याची माणसं बोलावणार, असं त्यानं तोंडावर सांगितलेलं.

गुरुवारी सकाळी दोन्ही यंत्रं लेथच्या वीजपुरवठ्याला शेजारीशेजारी जोडली. ही पहिली धार. लेथ बिनबोभाट चालली. रंगीत यंत्र झकास दिसत होतं, काळंपांढरं आपलं बसलं होतं कोपऱ्यात. रेवणसिद्धनं आबांकडं बघून भुवया उडवल्या. आबा तंबाखू मळत होते.

दुसरी धार दुपारची. डबे सोडायच्या वेळेला रंगीत पडदा फिकट झाला आणि विझला. यशराज म्हणाला, "बॅटरी थोडी नवीन आहे ना." मग त्यानं चार्जर लावला, तर चार्जरच्याच खरखरीनं रेघेवर नुसती कुसळं उगवली.

"आटली का काय?" आबांनी चौकशी केली.

तिसरी धार संध्याकाळची, पाळी बदलायच्या वेळची. तोवर बॅटरी भरली होती आणि चार्जर काढला होता. सगळे टक लावून बसले होते, आणि खाटकन लेथ बंद पडली. रंगीत पडद्यावर सरळ रेघ होती, जणू काही घडलंच नव्हतं. काळ्यापांढऱ्यावर त्याच रेघेत सुईएवढा एक उंच काटा अडकून राहिला होता.

रेवणसिद्धच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रंगीत यंत्राची मेमरी तुटपुंजी. बराच वेळ पहारा करायचा म्हटलं की ते मधलंमधलं सोडून देतं, आणि काटा नेमका त्या सोडलेल्या जागेत जातो. मेमरीचा आकडा कॅटलॉगात बारीक अक्षरात होता. त्यानं तो वाचलाही होता आणि रंगाच्या नादात विसरला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

काटा दिसला तसा माग लागला. त्याच क्षणाला शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन सुरू झालं होतं. लेथच्या अर्थिंगची वायर हलवून बघितली तर नट गंजून ढिला झालेला. तो साफ करून आवळला. बाळासोनं तीनदा वेल्डिंग सुरू करायला लावलं. लेथ एकदाही बंद पडली नाही. "पुण्याचा फोन राहू दे," बाळासो म्हणाला. "वर्षाचं काम तूच बघ की."

आता सौदा. आबांनी यशराजचा हात धरला, वर टॉवेल टाकला आणि आत बोटं दाबायला लागले. बाजारातली ती बोटांची भाषा बिचाऱ्या यशराजला कुठली यायला? त्याला भाव कळेना आणि हातही सुटेना.

"काका, किती म्हणताय ते तोंडानं सांगा ना."

"तोंडानं सांगितल्यावर चार माणसं ऐकत्यात," म्हणून आबांनी अजून एक बोट दाबलं.

एकोणीस हजाराला सुटका झाली. यशराज बोटं चोळत गेला.

घरी आल्यावर रेवणसिद्धनं यंत्र आणि उरलेले सहा हजार दानेश्वरीपुढं ठेवले. ओशाळून म्हणाला, "रंगीत घेणार होतो. आबा नसते तर फसलो असतो. योगायोगानं भेटले गल्लीत."

दानेश्वरी नोटा मोजत होती. "योगायोग कसला? मीच पाठवलेलं त्यांना. आदल्या संध्याकाळी दूध घेताना सांगितलं, गल्लीच्या तोंडाला उभे ऱ्हावा म्हणून."

"का?"

"लग्नाची साडी तुम्ही एकट्यानं काढलीसा. लखलखीत जांभळी. पहिल्या धुण्यात घरातली सगळी धोतरं जांभळी झाली. तवाच कळलं मला, रंग दिसला की तुमचं डोळं बाकीचं बघत न्हाईत."

रागवावं तर यंत्र समोर होतं, हसावं तर साडी आठवत होती. शेवटी रेवणसिद्ध हसलाच, कंबर धरून.

तिनं नोटांची घडी कनवटीला खोचली. "उद्या चला माझ्याबरोबर. सेकंडहँड पिकोचं मशीन बघून ठेवलंय. तीन साड्या शिवून बघायच्या, मगच घ्यायचं."

"बरं."

"आणि तिथं तुम्ही गप बसायचं. आबा बोलतील."

दुसऱ्या दिवशी एम-एटीवर जागा कमी पडली, म्हणून तिघं रिक्षानं गेले. दुकानात दोन मशीनं होती, एक करड्या रंगाचं आणि एक लालचुटूक. रेवणसिद्ध गप बसला, पण बघत होता लाल मशीनकडंच.