आभाराचा पहिला घोट

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आपल्या गंजाचे रडगाणे गातात, असा तुमचा समज असेल. गंज मलाही चढला आहे, पण माझा राग त्याचा नाही. माझ्यावर बोटे आपटून एका कष्टाळू मुलीच्या नावावर चोरी उमटवली गेली, त्याचा आहे. तो सांगितल्याशिवाय मला गप्प बसवणार नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. घाना देशातल्या ताकोराडीच्या बंदरात उतरलो आणि कोकोच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून ट्रकने असेमक्रोमच्या पोलीस ठाण्यात आलो. तेव्हा माझी प्रत्येक कळ चकचकीत होती आणि ओळ संपली की माझी घंटा अशी वाजायची की कोठडीतले लोकही दचकत. माझ्यावर कुणी प्रेमपत्र टंकले नाही की लग्नपत्रिका. माझे काम एकच, आरोपपत्र टंकायचे.

आरोपपत्र म्हणजे काय ते आधी ऐका, कारण सगळे रामायण त्यातच आहे. कागदावर वर येते गुन्ह्याचे नाव आणि कलम. त्याच्याखाली येतो तपशील: कोणी केले, कधी, कुठे, काय. गुन्हा चोरीचा असेल तर तपशिलाची शेवटची ओळ ठरलेली, 'अमुकतमुक यांच्या मालकीची वस्तू'. आमच्या घानाच्या कायद्यात आपलीच वस्तू कुणाला चोरता येत नाही. म्हणजे ती शेवटची ओळ खोटी निघाली, की वरचे सगळे मुसळ केरात.

माझे पहिले मालक इन्स्पेक्टर टांडो यांना हे पक्के ठाऊक होते. भाजलेली केळी आणि शेंगदाणे हे त्यांचे दुपारचे जेवण. पण खाऊन झाले की साबणाने हात धुतल्याशिवाय ते मला शिवत नसत. मग तक्रार करणाऱ्याकडे वळून विचारत, "वस्तू कुणाची?" त्याचे उत्तर मिळाले की, "घेतली कुणी?" आणि शेवटी हळू आवाजात, "घेताना त्याच्या मनात काय होतं, ते त्याला कुणी विचारलंय का?" तोपर्यंत त्यांची बोटे मांडीवरच असत.

एकदा एक गडी तावातावाने आला. बायकोने शेळी चोरून विकली म्हणाला.

"शेळी कुणी आणली होती?" टांडोसाहेबांनी विचारले.

"पैसे तिचे होते. पण दोरी मी धरून आणली ना साहेब, बाजारापासून घरापर्यंत!"

"मग दोरी चोरीला गेली असेल तर सांग. लगेच टंकतो."

सगळे ठाणे हसले. गडीही डोके खाजवत हसला आणि घरी गेला. त्या दिवशी मी एक अक्षरही टंकले नाही, पण मला वाटते तेच माझे सर्वांत चांगले काम होते. कोर्टात तर आमचे नाव निघायचे. असेमक्रोमचा कागद डोळे मिटून घ्यावा, असे म्हणायचे. हे ऐकले की मी माझ्या घंटेपेक्षाही मोठ्याने मिरवायचो.

पुढे टांडोसाहेब निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. ठाण्यात संगणक आला. मला उचलून मुद्देमालाच्या खोलीत टाकले, जप्त केलेले कोयते, सायकली आणि गांजाच्या पुड्या यांच्या शेजारी. मी कुणाचा काय गुन्हा केला होता? पण आपले ऐकतो कोण! पालीने माझ्या फितीच्या चाकाजवळ अंडी घातली. माझी एक कळ अडकू लागली.

संगणकावर बसायचे सार्जंट ओबिरी. माणूस वाईट नव्हता, हसतमुख होता. पण आळस इतका की सावलीत बसलेल्यालाही लाज वाटावी. त्यांनी एक जुने आरोपपत्र साचा म्हणून ठेवले होते. नवा आरोपी आला की त्यातले नाव पुसायचे, नवे घालायचे, झाले काम. एकदा छपराचे पत्रे चोरीला गेले, तर कोर्टात कागद गेला: 'तपकिरी रंगाचे, एक शिंग मोडलेले पत्रे'. आधीचा आरोप बोकडाच्या चोरीचा होता. गाव आठवडाभर हसले. मला मात्र हसू आले नाही. पत्रे नेणारा गडी त्या शिंगापायी तुरुंगात बसून राहिला, कारण कागद दुरुस्त होऊन यायला सार्जंटसाहेबांना सवड नव्हती.

अशात एके दिवशी खोलीचे दार उघडले आणि हाताने फिरवायचे एक शिलाई मशीन माझ्याशेजारी आणून ठेवले. त्याच्या दांड्याला जप्तीची चिठ्ठी लटकत होती. मशीन माझ्याच वयाचे, पण काय त्याची निगा! सांध्यासांध्यांत तेल, अंगावर धुळीचा कण नाही. चोरीच्या मालाला इतके प्रेमाने कोण पुसते, हा प्रश्न माझ्या लोखंडी डोक्यात आला. सार्जंटच्या डोक्यात का आला नाही?

मशीन होते आमा बिरागो नावाच्या मुलीचे. बाजारातल्या लाकडी टपरीत ती शाळेचे गणवेश शिवायची. हे काम तिला तिच्या मामाने शिकवले, गावचा शिंपी क्वाकू मामा. त्याला ना बायको ना मूल. आमच्याकडे तर माणूस आईच्या कुळाचा, त्यामुळे भाची हेच त्याचे सर्वस्व. हात थरथरू लागले तेव्हा त्याने आपल्या हातांनी ते मशीन तिला दिले, पण राहिले ते त्याच्याच दुकानात, कारण दोघे तिथेच शिवत बसत. मग मामा गेला. अंत्यविधी थाटात झाला, आणि सुतकाचे काळे-तांबडे कपडे धुवून वाळतात न वाळतात तोच थोरले मामा, कुळाचे प्रमुख न्सिया, ज्यांना सगळे मानाने 'ओपानिन' म्हणत, भावाच्या दुकानाला कुलूप लावायला आले. बिरागोने त्याआधीच मशीन आपल्या टपरीत नेले होते. न्सियांच्या धाकट्या बायकोचा त्या मशीनवर कधीचा डोळा होता. टपरीवर भांडण झाले आणि न्सिया थेट ठाण्यात.

त्या दिवशी वीज नव्हती. आमच्याकडे वीज कधी येईल हे वीज देणाऱ्यांनाही ठाऊक नसते. संगणक मेलेला, म्हणून ओबिरींनी मला बाहेर काढले, फुंकर मारली आणि टेबलावर आदळले. बिरागो कठड्यापलीकडे उभी होती.

"टंका, सार्जंट," न्सिया काठी आपटत म्हणाले. "चोरी. माझ्या कुळाचं मशीन आहे. आणि मला धमकीही दिली कार्टीनं!"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मशीनला हात लावलात तर बोटं शिवून टाकीन!"

"अहो मामा, तुम्ही माझा अर्धा शिवलेला गणवेश मातीत फेकलात ते सांगा की," बिरागो म्हणाली. "साहेब, माझं थोडं ऐकून तरी घ्या."

"कोर्टात सांग, पोरी. मॅजिस्ट्रेटला त्याचाच पगार मिळतो," ओबिरी म्हणाले आणि न धुतलेली, तळलेल्या माशाची तेलकट बोटे त्यांनी माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. 'तू, आमा बिरागो, या कोर्टाच्या हद्दीत, ओपानिन न्सिया यांच्या मालकीचे शिलाई मशीन चोरलेस आणि त्यांना ठार मारण्याची धमकी दिलीस.' एका दमात, एकाच कलमाखाली, एकाच वाक्यात! माझी अडकणारी कळ अडकली. ओबिरींनी ती नखाने उपटून काढली आणि पुढे टंकले. वस्तू कुणाची, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

तिला कोठडीत ठेवले, मग जामीन मिळाला. पण जामीन मिळाला म्हणून मशीन मिळत नाही. शाळा उघडायच्या बेतात होत्या आणि कापलेली कापडे टपरीत पडून होती. गिऱ्हाइके कापड परत मागू लागली. कुणी समोर म्हणाले नाही, पण 'चोरटीकडे कशाला' हे पाठीमागे म्हटलेले तिला ऐकू येत होते. आरोप सिद्ध झाला असता तर तुरुंग होता. नसता झाला तरी हात चालवायचे साधन गेलेच होते.

खटल्याच्या दिवशीही वीज नव्हती. कोर्ट ठाण्याच्या अंगणापलीकडेच. लॅम्प्टेबाई नावाच्या मॅजिस्ट्रेट कागद परत पाठवण्यात पटाईत, म्हणून ओबिरींनी मला काखेत मारून नेले आणि कोर्टाच्या ओसरीवर, उघड्या खिडकीखाली ठेवले. शहाणपणा म्हणावा तो एवढाच. बाईंनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"सार्जंट, ही भाजी आहे की आरोपपत्र? चोरी आणि धमकी एकाच पातेल्यात? एका कलमात एकच गुन्हा, हे तुम्हाला मी मरेपर्यंत सांगायचं का?"

"चुकलं, बाईसाहेब. आत्ता वेगळं करून आणतो."

"थांबा. धमकी नेमकी काय होती?"

ओबिरींनी खाली बघत सांगितले. कोर्टात खसखस पिकली.

"बोटं शिवल्यानं माणूस मरतो का हो?" बाई म्हणाल्या. "ते काढा. चोरीचं तेवढं आणा."

ओबिरी ओसरीवर आले, घाम पुसत नवा कागद लावला आणि पुन्हा तेच टंकले. 'न्सिया यांच्या मालकीचे.' पुन्हा तीच ओळ! एक संधी मिळाली होती माणसाला, तीही त्याने टंकून घालवली.

आत साक्ष सुरू झाली. न्सिया पिंजऱ्यात ऐटीत उभे राहिले. अंगावर जाड विणीचे वस्त्र, मागच्या बाकांवर कुळातले सगळे वडीलधारे. भाऊ गेला, त्याचे सारे कुळाचे, आणि कुळाचा प्रमुख मी, असे त्यांनी सांगितले. मग बाईंनी बिरागोला विचारले, "तुझा वकील नाही. साक्षीदाराला तुला काही विचारायचंय?"

ती उठली.

"मामा, क्वाकू मामांनी मला मशीन दिलं, तेव्हा मी आभाराची बाटली आणली होती. पितरांना ओतून झाल्यावर पहिला घोट कुणी घेतला?"

बाहेर माझ्या सगळ्या कळा जणू कान देऊन बसल्या. आमच्याकडची रीत अशी की देणगी नुसत्या शब्दाने पुरी होत नाही. घेणाऱ्याने चारचौघांसमोर आभाराची दारूची बाटली द्यायची, पितरांच्या नावाने थोडी जमिनीवर ओतायची, आणि उरलेली वडीलधाऱ्यांनी प्यायची. प्यायली की वस्तू त्याची झाली. मग देणाऱ्यालाही ती परत मागता येत नाही, त्याच्या कुळाला तर मुळीच नाही.

न्सियांनी मागच्या बाकांकडे पाहिले. 'मी नाही' म्हणावे, तर आपल्याला वगळून आभार प्यायले गेले असे होते, आणि मग कुळाचे प्रमुख कसले? सगळे म्हातारे त्यांच्याकडेच बघत होते.

"हा काय प्रश्न झाला?" ते छाती काढून म्हणाले. "आमच्या कुळात माझ्याआधी कुणाच्या घशात थेंब तरी जातो का? पहिला घोट माझाच! आणि बाटली चांगली होती, तेही सांगतो."

मागच्या बाकावरून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अरे गाढवा!"

लॅम्प्टेबाईंनी लिहिणे थांबवले. "म्हणजे ओपानिन, मशीन तिचं झालं, यावर तुम्ही स्वतः घोट घेतलात. मग सार्जंट, तुमच्या कागदावर 'न्सिया यांच्या मालकीचे' असं आहे, ते कोणत्या बाटलीतून आलं?"

बाईंनी आरोप रद्द केला आणि बिरागोला सोडले. न्सिया काठी विसरून बाहेर पडले.

त्याच दिवशी ती मुद्देमालाच्या खोलीत मशीन न्यायला आली. मी पुन्हा तिथेच पडलो होतो. तिने चिठ्ठी काढून फेकली, दांडा फिरवून पाहिला आणि मशीनच्या कप्प्यातून तेलाची छोटी कुपी काढली. चार थेंब मशीनला दिले. मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. तिने माझी अडकणारी कळ दाबून पाहिली आणि कुपीतला उरलेला थेंब तिथे सोडला.

"अगं, त्याला कशाला?" ओबिरी दारातून म्हणाले. "त्याच्यावरच तर तुझ्यावरचा आरोप टंकला."

"त्यानं काय केलं, साहेब? ज्याचं बोट पडलं त्याचं उमटलं," ती म्हणाली आणि मशीन डोक्यावर घेऊन निघाली.

कळ आता मोकळी चालते. पण माझा राग शांत झालेला नाही. ज्या दोन आयांनी कापड परत नेले त्या अजून तिच्या टपरीवर फिरकल्या नाहीत. आरोप रद्द झाल्याचा कागद कोर्टात पडून आहे आणि 'चोरटी' हा शब्द बाजारात फिरतो आहे. तो कोण परत बोलावणार? ओबिरी? ते तर वीज आली त्याच दिवशी साचा उघडून बसले.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणी पोलीस व्हाल, कुणी वकील, कुणी नुसतेच शेजारी. मला तेल घाला किंवा घालू नका, पालीला माझ्यात अंडी घालू द्या, माझी तक्रार नाही. पण कुणाच्या नावापुढे चोरी लिहायला बसाल, तेव्हा आधी हात धुवा. आणि बोटे मांडीवर ठेवून एकदा विचारा, हे आहे तरी कुणाचे?