निकाल मीच वाचणार

शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला, तर माझी कवळी चारचौघांत चहाच्या कपात पडो. आता ऐका.

एका घरात दोन जावा होत्या, थोरली आणि धाकटी. घरामागे एक खोली होती, एवढीशी, की खाट टाकली तर माणसाने खाटेवरच राहायचं. सासरे गेले आणि खोली कुणाची यावरून पेटलं. थोरली म्हणे, मामंजींनी मला दिली. धाकटी म्हणे, मला. म्हातारा पक्का वस्ताद, दोघींनाही "तुलाच हो" म्हणून ठेवलं असणार. थोरलीने दावा ठोकला. घरातलं मधलं दार बंद झालं, बोलणं बंद झालं, धाकटीकडे फोडणी पडली तरी थोरली नाकाला पदर लावायची.

नवरे कामावर जायचे, म्हणून तारखेला दोघी बायकाच कोर्टात. दावा चालला चौदा वर्षं.

कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकं होती. एकाला तीनच पाय, त्यावर बसायचं तर श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. दुसरं धड. मग काय करता? एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, मध्ये कागदांच्या पिशव्या. शिपाई नावाचा पुकारा असा करायचा, की समोरच्या गल्लीतला घड्याळवाला दचकून "हजर!" म्हणायचा. सकाळी दहाला बसायचं ते पाचाला उठायचं, आणि मिळायची काय, तर पुढची तारीख. साहेब रजेवर, वकिलाला खोकला, फाईल सापडत नाही.

सहा तारखा मौनात गेल्या. सातव्या तारखेला धाकटी आपले कागद चाळत होती. थोरलीला राहवेना.

"काय गं, तुझ्या वकिलाने माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"काही नाही हो ताई. कायद्याचं असतं, रुक्ष."

"वाच की मग."

"नको."

"एवढं वाईट आहे?"

धाकटीने कागद उलटे करून मांडीवर दाबून धरले. थोरलीला वाचता येत नव्हतं. तिच्या आईची पत्रं यायची, ती सासरे वाचून दाखवायचे. चार पानी पत्र आणि वाचून काय दाखवायचे, तर "सगळं खुशाल आहे." थोरली भाकरी थापता थापता विचार करायची, चार पानं नुसती खुशाली? आई गेली, पत्रं थांबली, आणि जुनी सासऱ्यांनी कधी बंबात घातली ते कळलंसुद्धा नाही.

"मग मला शिकव," थोरली म्हणाली. "माझं मी वाचते. आणि कान उघडे ठेवून ऐक, या खोलीचा निकाल लागेल ना, तो मीच वाचणार. मला कुणी सांगायचा नाही. हरले तरी माझ्या डोळ्यांनी हरणार."

धाकटीने पिशवी उचलून बाकाखाली ठेवली आणि सरकून बसली.

पुस्तक कुठलं? धाकटीच्या वकिलाने दिलेलं लेखी उत्तर, तेच पुस्तक. पहिला शब्द शिकली तो 'वादी'. "म्हणजे मीच ना? बरी दिसते की." भिंतीवरचं 'थुंकू नये' झालं, खोल्यांवरच्या पाट्या झाल्या. घरी मात्र मधलं दार बंद ते बंदच. कोर्टात बोलायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सगळं बोलणं तिथे. डब्यातली भाजी वाटून घ्यायच्या आणि वकील दिसले की तोंडं फिरवून बसायच्या.

एक दिवस थोरली बोट ठेवून वाचत होती. "वादी ही... भां... ड... खो... र... भांडखोर? मी भांडखोर?"

आरडाओरडा असा, की शिपाई धावत आला.

"वकिलांनी घातलं हो, ताई!"

"आणि खाली सही कुणाची?"

"न वाचता केली."

"अगं भवाने, तू न वाचता सह्या करतेस आणि मला वाचायला शिकवतेस?"

धाकटीला हसू फुटलं. थोरलीने डोळे वटारले, पण ते फार वेळ वटारलेले राहिनात.

आता तारीख पुढे गेली, की सगळं कोर्ट कपाळाला हात लावायचं आणि थोरली खूश. तेवढंच एक पान जास्त! पण मग आले नवे जजसाहेब. घड्याळासारखे वक्तशीर, हसणं ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फार झालं. पुढच्या महिन्यात निकाल."

थोरलीला अजून एकेका ओळीला घाम फुटत होता. ती सरळ उभी राहिली.

"साहेब, मला वेळ हवा."

"कशासाठी?"

"वाचायला शिकतेय. निकाल तुम्ही लिहा, पण वाचणार मी. अजून माझा हात बसला नाही."

तिच्या वकिलाने फाईल तोंडावर धरली. "कोण शिकवतंय?" साहेबांनी विचारलं.

"ही काय, प्रतिवादी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन महिने. एक दिवस जास्त नाही."

ते दोन महिने थोरलीने पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. मग निकालाचा दिवस उजाडला. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि थोरलीने दोन्ही कानांत बोटं घातली! नक्कल मिळायला आठ दिवस लागणार होते. आठ दिवस नवरा तोंड उघडायला लागला, की ही भांडी आपटायची. आणि धाकटी? तिला सगळं माहीत होतं, पण बंद दाराआड तिने साधं हूं की चूं केलं नाही.

नवव्या दिवशी दोघी बाकावर. अठरा पानं. थोरली वाचत गेली, बोट सरकत गेलं. कारकून जमले, पक्षकार जमले, तीन पायांच्या बाकावर सहा जण चढले. धाकटी एका शब्दालाही मदत करेना, नुसती पदराचं टोक पिळत बसली. ऊन कलायला लागलं तेव्हा शेवटची ओळ आली.

"सबब... वादीचा दावा... फेटाळण्यात येत आहे."

थोरलीने मान वर केली. "हरले," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अगं, मी हरले! माझं मी वाचलं, बघ, हरले!" आणि लहान पोरीसारखी हसायला लागली.

धाकटी मात्र हमसून हमसून रडत होती.

"अगं, जिंकलीस ना तू?"

"जिंकले हो. पण आता तारीख कुठली? घरी तर दार बंद. आपण बसायचं कुठे?"

थोरलीने कागदांची नीट घडी घातली. "वरचं कोर्ट असतं ना? अपील करू."

"आणि तिथे बसून काय करायचं?"

"आता लिहायला शिकव. मग वकील कशाला, अपील मीच लिहीन. आणि तुझ्याबद्दल असं काही लिहीन, की वाचत बस."

संपली गोष्ट. सगळं खरं, अक्षर न् अक्षर. फक्त ती चौदा वर्षं म्हटली ना, ती नऊच होती. वरची पाच माझ्या पदरची. फार लवकर संपली हो ती.