दाराकडची रांग

विद्यापीठाने शाळांशी हातमिळवणी करून शिक्षकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला आणि आमच्या बाई हौसेने त्यात शिरल्या. नोकरी सांभाळून पदवी, शिवाय प्रयोग आपल्याच वर्गात. एका दगडात दोन पक्षी!

बाईंनी प्रयोगाला अपूर्णांक घेतले. खिडकीकडच्या रांगेला कागदाच्या घड्या घालून शिकवायचं, दाराकडच्या रांगेला नेहमीसारखं फळ्यावर. विद्यापीठातल्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "दाराकडच्यांना घड्या दाखवू नका हं. नाहीतर फरक दिसायचा कसा?"

आता दाराकडे बाईंची सख्खी भाची बसायची, हे सरांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. एकदा बाई बहिणीकडे गेल्या, तर भाची वही घेऊन शेजारी येऊन बसली.

"मावशी, एक अष्टमांश मोठा ना? चारापेक्षा आठ मोठे, मग एक चतुर्थांश लहान कसा नाही?"

वहीचं पान समोरच होतं. तीन घड्यांचं काम. पण बाई म्हणाल्या, "वर्गात लक्ष दे, येईल." पोरगी हिरमुसली. पण बाईंच्या डोळ्यांपुढे पदवी नाचत होती. शिकायला लागलं की माणूस असा शहाणा होतो बघा.

चाचणी झाली. खिडकी जिंकली, दार सपशेल आपटलं. विद्यापीठात सरांनी बाईंचा आलेख भिंतीवर दाखवला. "किती स्वच्छ फरक आहे!" टाळ्या पडल्या. तळाचा ठिपका कोणाचा, ते बाईंना पक्कं माहीत होतं. त्यांना शरमेने मान वर करवेना.

तिथून त्या तडक बहिणीकडे गेल्या.

"ये, अपूर्णांक शिकवते."

"राहू दे मावशी. मी ढ आहे."

बाईंनी तिच्या हातात कागदच कोंबला. पोरीने चार भाग केले, मग आठ केले आणि थबकली.

"अय्या! भाग वाढले की तुकडा बारीक होतो! आई, मला आलं!"

बहीण ओले हात पुसत बाहेर आली. बाईंनी धीर गोळा केला. "ताई, एक सांगायचंय. मी..."

बहिणीचं लक्षच नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते.

"रोज रडायची गं. मी म्हणायचे, वेडे, तुला जमण्यासारखं असतं तर मावशीने शिकवलं नसतं का?"