बडीशेपेखालची राख

मी एक जुनी पितळी राखदाणी आहे, मित्रांनो, आणि माझा कोणावर फारसा भरवसा नाही. तुमच्यावरही नाही. मला हातात घेतलंत, की आधी उलटी करून पाहाल, वजनाचा अंदाज घ्याल आणि मनात मोडीच्या दुकानाचा रस्ता शोधाल.

माझा जन्म खामगावचा. कारागिराने मला वाटीसारखी खोल घडवली आणि सिगारेट टेकवायला काठाला खाचा पाडल्या. अमडापूरच्या रस्त्यावर मोतीरामने रेस्टॉरंट आणि बार उघडला, तेव्हा त्याने मला हौसेने आणलं. चिंच लावून घासायचा आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. मीही तेव्हा भोळी होते, हुरळून जायचे.

पुढे कायदा आला. मोतीरामने भिंतीवर 'धूम्रपानास सक्त मनाई' अशी पाटी ठोकली आणि नेमक्या तिच्याखालच्या टेबलावर मला ठेवलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाइकं पाटी वाचून हसायची.

"बारमध्ये नाही ओढायची, तं काय देवळात ओढायची का बे?" एकाने विचारलं. सगळं टेबल खिदळलं.

फक्त योगिनी हसली नाही. योगिनी मोतीरामची सून. नवरा पुण्याला कंपनीत, म्हणून पार्सलच्या गल्ल्यावर ती बसायची. दिवसभर धुरात बसून तिला खोकला जडला होता. एकदा ती सासऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामाजी, बुलढाण्याचे डॉक्टर म्हणतात, धुरातून उठली नाही तं दमा कायमचा होईन. मी तं कधी बिडीले हातही नाही लावला."

"मले काय समजत नाही का?" मोतीराम म्हणाला. "पण बंद केलं, तं सारे समोरच्या ढाब्यावर जातीन. मंग खाऊ काय?"

त्याचा आवाज मऊ होता. मऊ आवाजाचा मला जास्त संशय येतो.

तपासणीचे साहेब निघाले, की नाक्यावरचा पानटपरीवाला मोतीरामला फोन करी. मग मला घाईने धुऊन, पुसून, काठोकाठ बडीशेप भरून गल्ल्यावर मांडायचे. साहेब जेवायचे, माझ्यातली चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचे आणि पाटीची तारीफ करून जायचे. माझ्या खाचा कोणाला दिसल्याच नाहीत. की दिसूनही दिसल्या नाहीत?

एका दुपारी फोन उशिरा आला. साहेबांची गाडी दारातच होती. मोतीरामने धुण्याचं सोडून राखेवरच बडीशेप ओतली. साहेब थेट गल्ल्यावर आले आणि त्यांनी बोटं माझ्यात खोल घातली. मोतीराम दुरून डोळे वटारून सुनेकडे पाहत होता. मला वाटलं, हीसुद्धा गप्पच बसणार.

"साहेब, खाऊ नका," ती म्हणाली. "खाली राख आहे."

मला तिचा फार अभिमान वाटला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल खरं बोलणारी ती पहिलीच.

दंड झाला. मोतीरामने सगळ्यांसमोर कान पकडले. सुनेला म्हणाला, "तुले धूर लागते ना? मंग गल्ला सोड, आत सैपाकाचं पाह्य." लोक म्हणाले, सासरा असावा तर असा! मी मात्र तो मला उचलून कुठे नेतो, तेच बघत होते.

त्याने मागच्या अंगाला पत्र्याचा आडोसा केला, चार खुर्च्या टाकल्या आणि मला भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. आता समोरचा हॉल अगदी स्वच्छ असतो. लेकरंबाळं घेऊन माणसं येतात आणि मोतीरामचं कौतुक करतात.

कोनाड्याच्या वर स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी आहे. माझा धूर सरळ तिच्यातून आत जातो. खिडकी लावली, तर भट्टीच्या आचेने योगिनीचा जीव घाबरा होतो, म्हणून ती पुन्हा उघडते. तिचा खोकला मला आता पहिल्यापेक्षा जवळून ऐकू येतो.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मला जपू नका, खुशाल मोडीत घाला. पण तुम्ही कधी अशा स्वच्छ हॉटेलात जेवायला गेलात, तर पाटी वाचून समाधान मानू नका. हात धुवायच्या निमित्ताने मागे जा. राखदाणी कुठे ठेवली आहे ते पाहा, आणि तिच्या वरच्या खिडकीत कोण खोकतंय, तेही ऐका.