आढ्याला धरलेलं राणीघर

शिमगा सरला आणि केरबा शेलाराच्या घरात आढ्याला राणीघर धरलं. मेणाचं, पिवळट, तोंड खाली करून लोंबणारं, भुईमुगाच्या शेंगेसारखं खडबडीत. फरक इतकाच, की आत एक बाई मावावी एवढं ते मोठं होतं. केरबाने सकाळी दात घासताना वर पाहिलं, चूळ भरली आणि त्याला पहिला संशय आला तो बायकोचा.

त्याचंही चूक नव्हतं. सगळी हयात मधमाश्यांत गेलेली. महाबळेश्वराच्या डोंगराखाली जांभळी फुलल्या की पेट्यांमधल्या वसाहती फुटतात, थवे सुटतात, आणि मग कुठल्याही वाडीचा माणूस केरबालाच शोधत येतो. बाहेरच्यांना वाटतं, घर फुटलं की तरणी राणी निघून जाते. माश्यांत तसं नसतं. तरणीसाठी राणीघर बांधतात, आणि ती त्यातून बाहेर पडायच्या आत जुनी राणी निम्मं घर घेऊन उडते. तेव्हा राणीघर दिसलं की आत कोण आहे हे विचारायचं नसतं. जुनी कधी जाणार, एवढंच बघायचं असतं.

केरबाच्या घरात जुनी म्हणावी अशी एकच होती, हौसा.

"हे काय गं वर?" त्याने विचारलं.

"असंल कायतरी," हौसा म्हणाली. "झाडून काढू पावसाच्या आधी."

ती वर न बघता हे बोलली. केरबाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

त्या दिवसापासून तो तिच्या ताटावर नजर ठेवू लागला. राणी उडायची असली की माश्या तिचं खाणं तोडतात, कारण भरल्या पोटाची राणी शेजारच्या फांदीपर्यंतही पोचत नाही. हौसाचं ताट कोरडं असायचं. तिची भाकरी ती केरबाच्या ताटात सरकवायची, आणि केरबा संशय घेत घेत ती खायचा. वाडीत कुणाकडे पंगत बसली की वाढपी तिच्या पानावरून सरळ पुढे जायचे, आणि ती रिकाम्या पानासमोर हात जोडून उठायची. होता होता तिची पावलं ओल्या सारवणावर उमटेनाशी झाली. एकदा दुपारी वारा सुटला तेव्हा अंगणात कुरडया घालणारी हौसा उखळाला धरून बसून राहिली, आणि वारा पडल्यावर पुन्हा कुरडया घालू लागली.

"जेवत का न्हाईस?"

"तुमी जेवा की. तुमास्नी लागतं."

आता हे मायेने म्हटलं, की ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून म्हटलं, हे केरबाला कळेना. त्याचा हौसावर फार जीव होता. हे त्याने वाडीत चारचौघांना सांगितलं होतं, पेटीशी बसून माश्यांनाही सांगितलं होतं. हौसाला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

अशात खालच्या वाडीतून हाक आली, हिरड्यावर थवा बसलाय, उतरवून न्या. केरबाचा पाय घरातून निघेना, पण थवा कुणासाठी थांबत नाही. हिरड्याच्या फांदीला माश्यांचा घोस लटकला होता. केरबाने पाण्याचा हबका मारला, खाली कापडी पिशवी धरली आणि हात आवरला. त्याचा बाप सांगायचा, आधी राणी डोळ्यांनी बघ, मग हात घाल. केरबाने राणी शोधली. लांबट, सडसडीत, माश्यांच्या पाठीवरून पळत होती. ती थांबली आणि तिने केरबाकडे पाहिलं. हौसा सांजवेळी उंबऱ्यातून बघायची तसंच. मग आपणहून पिशवीत उतरली, आणि बाकीच्या मुकाट तिच्यामागे गेल्या.

घरी येऊन त्याने थवा नव्या पेटीत झाडला आणि पेटीच्या दाराला राणीजाळी लावली. ही जाळी म्हणजे बारीक फटींचा पत्रा. कामकरी माश्या त्यातून ये-जा करतात, राणी आत अडते, आणि राणी अडली की घर अडतं. केरबा त्या पत्र्याकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने तेलाचे रिकामे डबे फोडले, पत्रा सरळ केला, त्याला फटी पाडल्या आणि दिवेलागणीच्या आत घराच्या पुढच्या दाराला माणसाच्या उंचीची जाळी ठोकली. मागचं दार त्या घराला कधी नव्हतंच.

शेजारची गंगूआक्का डोक्यावर हंडा घेऊन आली आणि हंड्यासकट फटीतून आत शिरली.

"दार ल्हान केलंस जनू?"

"वारा लई येतो, आक्का."

"बरं केलंस," आक्का म्हणाली, आणि तशीच बाहेर गेली.

हौसाने जाळीवर तळवा ठेवला. "कुनासाठी वो?"

"मांजरं येत्यात," केरबा म्हणाला.

तिने एका फटीत हात कोपरापर्यंत घातला, काढून घेतला आणि पदराला पुसला. "बरं," ती म्हणाली. केरबाला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला, स्वतःचंही आणि तिचंही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तशी सगळी वाडी केरबाच्या घरात जमली. बोलावलं कुणी नव्हतं. माणसं फटींतून येत होती, फळीवरच्या मधाच्या बरण्या उतरवून उभ्या उभ्या बोटांनी मध खात होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. प्रवासाला निघायच्या आधी माश्या असाच मध भरून घेतात, हे केरबाला कुणी शिकवायला नको होतं. एकच उपाय उरला होता. राणीघर कापून टाकायचं. तरणीच नसली तर जुनी कशाला जाईल?

तो कोयता घेऊन उंच घडवंचीवर चढला. स्वयंपाकघरातून पातेल्यावर झाकण वाजत होतं. हौसा आहे आत, त्याने मनाशी म्हटलं, आणि बघायला गेला नाही. कोयत्याच्या दोन घावांत राणीघर त्याच्या कवेत आलं. उबदार होतं आणि जड होतं. त्याने ते कोपऱ्यात पोत्यावर आडवं ठेवलं. आतून कुणीतरी कूस बदलल्यासारखं वाटलं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही.

मग तो स्वयंपाकघरात गेला. चुलीवर आधण उकळत होतं आणि झाकण आपलं आपण वाजत होतं. हौसा नव्हती.

तो पुढे धावला. घरातली माणसं निम्मी झाली होती. समोरच्या जांभळीला उरलेली निम्मी वाडी लटकली होती. एकमेकांचे खांदे धरून, कमरा धरून, घोसाने. गंगूआक्का सगळ्यात बाहेर होती, हंडा तिच्या डोक्यावरच होता. आणि घोसाच्या मधोमध हौसाच्या हिरव्या लुगड्याचा पदर दिसत होता. ती इतकी हलकी झाली होती, की जाळीला तिच्यात अडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

केरबाने थव्याची पिशवी उचलली आणि फटीत अंग घातलं. खांदा गेला. पोट जाईना. जाळी नरालाही अडवते. हे त्याला जन्मभर ठाऊक होतं, पण जाळी ठोकताना आपण त्यांतले, हे काही डोक्यात आलं नाही.

"हौसे!" तो ओरडला. "माजा लई जीव हाय गं तुज्यावर!"

घोसाच्या आतून हौसाचा आवाज आला, रोजचाच.

"मग जाळी कशाला लावली वो?"

केरबा पोट आत ओढून अंग रेटेपर्यंत घोस सुटला, अंगणावर एक फेरा घेऊन डोंगराच्या सोंडेकडे वळला आणि दिसेनासा झाला. पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली.

मागे राहिलेल्या माणसांनी कण्हायला सुरुवात केली. हा आवाज केरबा ओळखत होता. जिची राणी गेली आणि पुढे येणारीही नाही, अशी पेटी असाच आवाज करते, आणि मग काही दिवसांत ती नुसती लाकडाची पेटी उरते. राणी न बघता हात घातला होता. बापाचं एवढं एक सांगणं होतं.

त्याने फटीतून अंग सोडवलं, कोपऱ्यातलं राणीघर उचललं आणि घडवंचीवर चढला. तोंड खालीच हवं, एवढं भान त्याला होतं. बुडाचं मेण तळहातांनी मऊ करून त्याने ते आढ्याला दाबलं. चिकटेना. हात सैल केला की सुटायचं, म्हणून तो दोन्ही हातांनी ते वर धरून उभा राहिला. आत ऊब टिकली पाहिजे, हे त्या माणसांना सांगावं लागलं नाही. ती एकेक करून आली आणि त्याच्या पायांना, पाठीला, दंडांना दाटीने चिकटली. कण्हणं थांबलं.

मग मेणाच्या झाकणावर आतून नख ओढल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला. झाकणाला बारीक चीर गेली आणि तिच्यातून कुणीतरी बोललं. आवाज हौसाचाच होता, पण कोवळा.

"दाराला जाळी हाय का?"

केरबाने दारातल्या जाळीकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात वर होते.